स्पॅमचा शेरा: होय-नाही, आकडा की तारे?

गोव्यात मांद्र्याला माझ्या मावसभावाचं होमस्टे आहे. मेल स्वतःच्या डोमेनवर, सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन, म्हणजे स्पॅम ओळखणारा प्रोग्राम. सीझन तोंडावर आला की चौकशीच्या मेलबरोबर कचराही वाढतो. सर्व्हर प्रत्येक मेलला संशयाचे गुण देऊन हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या, एरवी न दिसणाऱ्या ओळींत, शेरा मारतो, पुढची वाटणी आपल्या मेलमधल्या साध्या फिल्टरनं करायची. प्रश्न एवढाच, की कुठला शेरा धरायचा?

'एक्स-स्पॅम-फ्लॅग: येस' हा सगळ्यात सोपा. एक अट टाकली की झालं. पण मर्यादा सर्व्हरची, सहसा 5 गुणांची. 5.1 गुणांचा मेल आणि 25 गुणांचा मेल दोघांनाही तोच शिक्का.

'एक्स-स्पॅम-स्टेटस'मध्ये नेमका आकडा असतो, कुठल्या नियमांमुळे गुण चढले तेही कळतं. चूक शोधायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र साधा फिल्टर 'या ओळीत अमुक मजकूर आहे का' एवढंच बघतो. 9.8 पेक्षा 12.1 मोठा, हे त्याला कळत नाही.

तारे इथेच कामाला येतात. 'एक्स-स्पॅम-लेव्हल'मध्ये दर पूर्ण गुणामागे एक तारा, 7.6 ला सात. 'पाच तारे आहेत' अशी अट घातली की पाच आणि त्यावरचे सगळे सापडतात, कारण सातांत पाच असतातच. मर्यादा आपल्या हातात, आणि तीही एकापेक्षा जास्त! आम्ही बारा ताऱ्यांना थेट कचरा आणि पाचांना 'संशयित' फोल्डर ठेवलं. मागच्या नोव्हेंबरात रशियन भाषेतली एक चौकशी सहा तारे घेऊन आली. नाताळासाठी दोन खोल्या हव्या होत्या. वहिनी रोज संध्याकाळी ते फोल्डर चाळते, म्हणून ती हाती लागली. फ्लॅग बघून येस आलेलं सगळं उडवत असतो तर गेलीच होती.

बोगोफिल्टर हा स्पॅम ओळखणारा दुसरा प्रोग्राम स्पॅम, हॅम (चांगला मेल) किंवा अनशुअर (नक्की नाही) यांपैकी एक शब्द लिहितो. हे शब्द फिल्टरला सोपे जातात, पण आधी त्याला तुमचे मेल दाखवून शिकवावं लागतं.

विषयाच्या ओळीत 'स्पॅम' लिहिण्याचा पर्याय मात्र घेऊ नका. उत्तर पाठवलं की तो शब्द पाहुण्यापर्यंत जातो. पाहुण्याला काय वाटेल?

तारे निवडलेत तर बाराचा नियम पाचाच्या वर ठेवा, नाहीतर सगळं पाचातच अडकेल. फिल्टर रेगेक्स (मजकूर शोधायची खुणांची भाषा, तिच्यात ताऱ्याला वेगळा अर्थ असतो) वापरत असेल तर प्रत्येक ताऱ्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. आणि बाहेरून येताना मेलवर आधीच असलेले असे शेरे सर्व्हर काढून टाकतो ना, हे एकदा विचारून घ्या.