गोव्यात दुकानासाठी सीए शोधताय? आमचा फोंड्याचा अनुभव

फोंड्यात आमचं काजू, सोलं आणि मसाल्याचं छोटं दुकान आहे, दुकान मी बघते, हे नोकरीला आहेत. सीए बदलून आता बरेच दिवस झाले, त्यामुळे खात्रीनं लिहितेय. नवीन सीए मॅडमना माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

पहिल्या भेटीत मॅडमनी बिलांना हात लावायच्या आधी विचारलं, लग्नाच्या सह्या, म्हणजे नोंदणी, गोव्यातच झाल्यात ना, आणि लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार वगैरे केलाय का? आधीच्या माणसानं हे कधीच विचारलं नव्हतं, आणि गोव्यात नेमकं हेच आधी विचारायला पाहिजे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड चालतो, वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते, म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात (२०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच लागू) कलम ५ए आपल्यासारख्यांसाठी घातलं होतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफा, घरभाडं, बँकेचं व्याज, हे दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं अर्धं दाखवायचं, दुकान कोणाच्या का नावावर असेना.

याचा फायदा किती होतो बघा. समजा दोघांचं मिळून एकच दुकान आहे, दुसरं उत्पन्न नाही, आणि २०२५-२६ चा नफा १६ लाख. नव्या रेजिममध्ये एकाच्याच नावावर दाखवला तर १ लाख २० हजार टॅक्स आणि वर ४ टक्के सेस. अर्धा अर्धा केला की दोघांचे ८-८ लाख, १२ लाखांच्या आतच, रिबेट म्हणजे टॅक्समधली सूट मिळून टॅक्स शून्य. आमच्या बाबतीत मात्र उलटं झालं, यांचा पगार आधीच चांगला, त्यात माझ्या दुकानाचा अर्धा नफा गेला आणि टॅक्स थोडा वाढला. पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हे सोयीप्रमाणे निवडायचं नसतं, कायदा आहे तसं भरायचं. आधीच्यानं सगळा नफा माझ्या एकटीच्या नावावर भरून ठेवला होता, नशीब मुदत शिल्लक होती म्हणून दोघांचं रिवाइज्ड रिटर्न भरता आलं. जास्त टॅक्स सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास उलट वाढला.

दुसरी गोष्ट जीएसटीची. आम्हाला आधी कंपोझिशन या छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेत टाकलं होतं, विक्रीवर १ टक्का भरा आणि मोकळे व्हा, ऐकायला छान वाटतं, पण आम्ही पुण्या-बेळगावच्या गिऱ्हाइकांना कुरियरनं काजू पाठवतो आणि कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही! मॅडमनी दुकानात येऊन कुरियरच्या पावत्या बघितल्या आणि लगेच रेग्युलर म्हणजे नेहमीच्या जीएसटीत नेलं, तिमाही रिटर्नची सोय घेतली, आता तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचं फक्त चलन भरायचं, पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. घेतलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळायला लागलं ते वेगळंच.

आणि लॉगिन. हे प्लीज सगळ्यांनी आजच तपासा, जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का? बरेच अकाउंटंट रजिस्ट्रेशन करताना स्वतःचाच टाकतात, मग ओटीपी त्यांच्याकडे, नोटीस त्यांच्याकडे, आणि सोडायचं म्हटलं की अडकलात, नंबर बदलायला टॅक्स ऑफिसला खेटे घालावे लागतात. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सगळं माझ्या नंबरवर करून घेतलं, आता भरण्याआधी आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, मी हो म्हटल्याशिवाय रिटर्न जात नाही.

अजून एक, पाटीवर अकाउंटंट लिहिलं म्हणजे तो सीए असतोच असं नाही. नुसती जीएसटीची रिटर्नं भरायला जीएसटी प्रॅक्टिशनरही चालतो, आमच्या ओळखीत चांगले आहेत, पण टॅक्स ऑडिट लागलं तर सीएच लागतो. बँकेसाठी सर्टिफिकेट घेतलंत तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएनं त्या सर्टिफिकेटसाठी घेतलेला वेगळा नंबर, आहे का बघा, तो ऑनलाइन पडताळता येतो.

अर्धा मार्क का कापला तर जुलै आणि सप्टेंबरमध्ये फोन लागत नाही, ऑफिसातला मुलगा उचलतो आणि निरोप पोचायला दोन दिवस जातात. फी पण आधीच्यापेक्षा जास्त आहे, पण काय काय करणार ते कागदावर लिहून देतात, मध्येच वेगळे पैसे मागत नाहीत, मला तरी परवडतं. ऑफिस वरच्या मजल्यावर, खाली पार्किंग नाही, स्कूटरनंच जा. नवीन कोणाकडे जायचं असेल तर एप्रिल-मेमध्येच जा, तेव्हा ते नीट बसून बोलतात, आणि दोघांची पॅन कार्डं, बँकेची स्टेटमेंट्स, मागच्या वर्षीचं रिटर्न सोबत न्या.