काळ्या मातीत फसलेली गाडी: दोर, पट्टा, फळ्या की विंच?

मृगाचा पाऊस जमला की दारव्हा-दिग्रसकडची पांदण सकाळी चालते, संध्याकाळी गाडी गिळते. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत बसते आणि नवाकोरा टायरही गोटा होतो. तेव्हा सामान घेण्याआधी एकच विचार करा: ओढायला येणार कोण?

जोडीला तुमच्याच वजनाची दुसरी जीप असेल तर कायनेटिक दोर घ्या. तो नायलॉनचा असतो, 20 ते 30 टक्के ताणतो. पुढची गाडी थोडी धाव घेते, दोर ताण साठवतो आणि फसलेली गाडी अलगद सुटते. पण आपल्याकडे बहुतेक वेळा येतो तो ट्रॅक्टर. त्याची ओढ संथ आणि दमदार. तिला पॉलिस्टरचा, फारसा न ताणणारा पट्टा पुरतो, आणि तो स्वस्तही पडतो. मात्र या पट्ट्याने झटका द्यायचा नाही. ट्रॅक्टरवाले भाऊ साखळी घेऊनच येतात. चहा पाजा, पण पट्टा आपलाच लावा. तोही खाली ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्याला. वरच्या लिंकला बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलतो.

दोर असो की पट्टा, तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या 2 ते 3 पट हवी. गाडी सव्वादोन टन, तर 6-7 टन. शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला जोडायची लोखंडी कडी, 19 मिलिमीटरचा, त्यावर 4.75 टन कोरलेलं बघून घ्या (हा वापरायचा भार, तुटण्याचा नव्हे). दोराचा सॉफ्ट शॅकल महाग पडतो, पण तुटला तर लोखंडासारखा अंगावर येत नाही. बंपरखालचा पातळ कान ट्रकवर गाडी बांधण्यासाठी असतो. मी पहिल्या वर्षी त्यालाच पट्टा अडकवला. कान चपटा झाला आणि गाडी होती तिथेच. टो-बॉललाही (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधी अडकवू नका.

चाकाखाली घालायच्या फळ्या वर्धा नदीच्या रेतीत सोनं आहेत. तिथे टायरची हवा 18-20 पीएसआयवर आणली की निम्मं काम होतं (पंप सोबत हवाच). काळ्या गाऱ्यात मात्र चाकापुढचा चिखल फावड्याने काढल्याशिवाय फळी नुसती आत जाते. धुऱ्यावर गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा ढीग असेल तर तोच अंथरा, फुकट आणि दातेरी.

विंच, म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेलं तार गुंडाळून ओढणारं यंत्र, मी तरी घेणार नाही. भर वावरात तार बांधायला झाड कुठं? धुऱ्यावरचा निंब तारेच्या टप्प्याबाहेर. वर पुढच्या चाकांवर कायमचं ओझं.

माझ्या गाडीत पट्टा, दोन शॅकल, फावडं, हातमोजे आणि एक जुनी गोधडी असते. ओढताना गोधडी पट्ट्याच्या मध्यावर टाकायची, म्हणजे तुटला तरी कमी उसळतो, आणि बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर. घरी आलं की पट्टा बादलीत धुवा. वाळलेला चिखल धागे आतून कापतो.