पायइन्स्टॉलर की नुइट्का? 'नो मॉड्यूल नेम्ड'ला वैतागलेल्यांसाठी

एडिटरमधून पायथनचा प्रोग्राम झकास चालतो, एक्झी (दुसऱ्याच्या विंडोजवर पायथनशिवाय चालणारी फाइल) केली की 'नो मॉड्यूल नेम्ड अमुकतमुक', म्हणजे लागणारं एखादं मॉड्यूल आत आलंच नाही. मग कोणीतरी हमखास सल्ला देतं की पायइन्स्टॉलर सोड, नुइट्का घे (दोन्ही अशी एक्झी बनवणारी टूल्स), तिथे हा त्रासच नाही. मी दोन्ही वापरलीयत, टीकेइंटरमधलं (पायथनची खिडक्या-बटणांची लायब्ररी) सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्यांचं एक ॲप दोन्हींनी पॅक करून बघितलंय. 'त्रासच नाही' हे काही खरं नाही, त्रास दोन्हीकडे आहे, फक्त कुठला परवडतो ते बघायचं.

पण टूल बदलायच्या आधी एक चेक करा. मॉड्यूल व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) टाकलेलं आणि पायइन्स्टॉलरची कमांड मात्र भलत्याच पायथनची चालतेय, असं फार वेळा असतं. कमांड नुसती न मारता 'पायथन डॅश एम' लावून मारा (पायइन्स्टॉलरच्या स्पेलिंगमधला पी आणि आय कॅपिटल), म्हणजे समोर जे एन्व्हायर्नमेंट चालू आहे तेच वापरलं जाईल. नुइट्का बहुतेक जण पहिल्यापासून असंच चालवतात, त्यामुळे 'नुइट्कावर गेलो आणि एरर गेली' म्हणणाऱ्यांपैकी काहींची एरर खरं तर इथेच गेली असावी असा आपला माझा अंदाज.

खरी भानगड पुढे. दोन्ही टूल्स कोड न चालवता, नुसता वाचून ठरवतात की काय काय आत घ्यायचं. इम्पोर्ट असं सरळ लिहिलेलं दिसलं की घेतलं. पण नाव चालू प्रोग्राममध्ये जुळवून इम्पोर्टलिबने (नाव देऊन मॉड्यूल आणणारी पायथनची सोय) मागवलं असेल तर ते वाचून कळणार कसं? माझ्या ॲपमध्ये तारीख निवडायला टीकेकॅलेंडर होतं, ते बॅबेल (भाषेनुसार तारखा-आकडे लिहिणारी लायब्ररी) वापरतं, आणि एक्झीत फॉर्म उघडला की 'बॅबेल डॉट नंबर्स' सापडत नाही म्हणून रडायचं. गंमत अशी की बॅबेलच्या प्रत्येक भाषेची माहिती पिकल केलेल्या (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा साठवलेल्या) डेटा फायलीत असते आणि नंबर्सचा उल्लेख त्या फायलीच्या आत आहे, म्हणजे फाइल उघडताना पायथन ते मॉड्यूल मागतं. पायइन्स्टॉलर बिल्ड फोल्डरमध्ये 'वॉर्न'ने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल ठेवतं, सगळे सांगतात ती वाचा, पण त्यात शोधून न सापडलेली नावं असतात (त्यातली निम्मीशिम्मी लिनक्सची, विंडोजवर नसणारच, सोडून द्या). जे नाव त्याला दिसलंच नाही ते तिथे कुठून येणार. अशा वेळी पायइन्स्टॉलरला हिडन इम्पोर्ट किंवा नुइट्काला इन्क्लूड मॉड्यूल, नाव हातानेच द्यावं लागतं.

आता माझ्यासाठी ज्याने निकाल लागला ते सांगतो. पावतीवर बारकोड हवा म्हणून रिपोर्टलॅब (पीडीएफ बनवणारी लायब्ररी) घेतलं होतं. त्याचं बारकोडचं पॅकेज आतली मॉड्यूल्स नावानं मागवतं, त्यामुळे एक एरर मिटवली की पुढची उभी, आधी कोड ९३ नाही, ते दिलं तर कोड १२८ नाही, ते दिलं की आणखी कुठलं तरी. कांदा सोलल्यासारखं. आणि प्रत्येक पापुद्र्याला पूर्ण बिल्ड. पायइन्स्टॉलरवर ही चक्कर मारताना मी खुर्चीतून उठतही नव्हतो, कमांड मारली, जरा मेसेज बघितले, तयार. नुइट्का आधी सगळं सीमध्ये बदलणार, मग कंपायलर चालणार, लॅपटॉपचा पंखा गरगरायला लागणार, आणि चहा पिऊन आलो तरी अजून लिंकिंग चालू. कॅशेमुळे दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो हे मान्य, तरी एक नाव वाढवायला एवढं थांबायचं हे मला नाही झेपलं. तुमचं मशीन दणकट असेल तर कदाचित जाणवणारही नाही.

अर्थात एकेक नाव देत बसू नका. पायइन्स्टॉलरमध्ये कलेक्ट सबमॉड्यूल्स आहे, त्याने अख्खं बारकोड पॅकेज एकदम आत येतं, नुइट्काला तेच काम इन्क्लूड पॅकेज करतं. सोबत डेटा फायली पण हव्या असतील तर पायइन्स्टॉलरचं कलेक्ट ऑल. कुठल्या पॅकेजला ते लावायचं हे मात्र आधी एक एरर पडल्याशिवाय कळत नाही, म्हणून चक्करेचा वेळ महत्त्वाचा.

शिवाय एरर दिसली तर पाहिजे ना. कन्सोल (मेसेज दाखवणारी काळी खिडकी) बंद केलेली पायइन्स्टॉलरची एक्झी सुरू होतानाच मेली तर निदान एक डायलॉग टाकून सांगते की अमुक मॉड्यूल नाही. नुइट्काला एरर फायलीत लिही असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर डबल क्लिक केलं आणि गप्प. टीकेइंटरचं बटण दाबल्यावर येणारी एरर तर दोन्हीकडे गायब होते, त्यासाठी 'रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन' बदलून त्यात मेसेजबॉक्स टाका, आणि सगळं जुळेपर्यंत कन्सोल चालूच ठेवा.

नुइट्काची बाजूही आहे, नाही असं नाही. कोड लपवायचा असेल तर तेच घ्या, पायइन्स्टॉलरच्या एक्झीतून बाइटकोड (पायथनने कोडचं केलेलं मधलं रूप) बाहेर काढणं फार अवघड नाही आणि जो एन्क्रिप्शनचा पर्याय होता तो ६.० मध्ये काढून टाकलाय. अँटीव्हायरस पायइन्स्टॉलरच्या वनफाइलवर (सगळं एकाच एक्झीत) भुंकतात, नुइट्कावर मला तो त्रास कमी झाला, पण हे माझ्यापुरतं. नेहमीच्या लायब्ररींचे नियम दोघांकडे तयार असतात. फक्त पायइन्स्टॉलरचे बरेचसे हुक्स (म्हणजे हेच नियम) 'हुक्स कॉन्ट्रिब' या वेगळ्या पॅकेजमध्ये असल्याने तेवढंच अपडेट करून कधीकधी एरर जाते, टूलला हात न लावता.

मी हल्ली पायइन्स्टॉलरच वापरतो, पण वनफाइल नाही, वनडिर (एक्झी आणि बाकी सगळं एका फोल्डरमध्ये). वनफाइल दर वेळी टेम्प फोल्डरमध्ये सगळं उलगडतं आणि सुरू व्हायला वेळ घेतं. वनडिरमध्ये ६.० पासून सगळा पसारा 'इंटर्नल' फोल्डरमध्ये जातो, आणि गिऱ्हाईकाकडे एखादं शुद्ध पायथनचं पॅकेज कमी पडलं, त्याला लागणारं बाकीचं आत असलं, तर त्याचा फोल्डर तिथे कॉपी करून त्या दिवसापुरतं भागवता येतं. नंतर स्पेक फायलीत (पायइन्स्टॉलर बनवतं ती बिल्डच्या सेटिंगची फाइल) हिडन इम्पोर्टच्या यादीत ते नाव टाकायचं, आणि पुढच्या बिल्डला कमांडमध्ये पायथनच्या फायलीऐवजी तीच स्पेक फाइल द्यायची. वरून इनो सेटअपने एकच इन्स्टॉलर केला की समोरच्याला फोल्डर दिसतही नाही.

टेस्ट मात्र स्वतःच्या मशीनवर नको, तिथे पायथन आणि बाकी सगळं आधीच पडलेलं असतं. विंडोज प्रो असेल तर सँडबॉक्स (विंडोजच्या आतलं तात्पुरतं कोरं विंडोज) चालू करा, होममध्ये ते नाही, मग पायथन नसलेला कोणाचा तरी लॅपटॉप मागा, आणि ॲप नुसतं उघडून बंद करू नका, प्रिंट, एक्स्पोर्ट, तारीख, बारकोड, एकूण एक बटण दाबून बघा.