खेकडा, तिसऱ्या, कालवं की सुकट? रक्त कमी असलेल्या मुलीच्या ताटासाठी

विट्याहून ताईचा फोन आला. भाचीचं हिमोग्लोबिन नऊवर आलंय, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि शेजारच्या काकूंनी सांगितलंय, खेकड्याचा रस्सा पाज, रक्त भरतं. ताईचा प्रश्न सरळ होता: "ओढ्याचा खेकडा आणू, का सांगलीत रत्नागिरीच्या तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले) येतात त्या?" मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. फोनवर घाईत दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून इथे नीट मांडते.

कवचातले जीव खनिजांनी श्रीमंत असतात हे खरंच आहे. जस्त, तांबं, लोह, सेलेनियम आणि बी-१२ जीवनसत्त्व त्यांच्यात भरपूर. खेकड्याचं रक्त निळसर दिसतं ते त्यातल्या तांब्यामुळे. पण आवर्तसारणीत जस्ताच्या खाली कॅडमियम बसलेलं आहे आणि त्याच्याही खाली पारा. तिघं एकाच घराण्यातले. जस्त धरून ठेवायला या जीवांच्या शरीरात जी प्रथिनं असतात, तीच कॅडमियमलाही धरून ठेवतात. म्हणजे जो जीव जस्त चांगलं साठवतो, तो पाणी घाण असेल तर कॅडमियमही तितक्याच मनापासून साठवतो. शिंपल्याची ही सवय शास्त्रज्ञांना इतकी पक्की वाटते की अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यावरचं प्रदूषण मोजायला शिंपले आणि कालवंच तपासतात.

आता एकेक घेऊ.

कालवं सांगलीत फार कमी येतात, आणि येतात ती बहुधा सोललेली, बर्फातली. जस्तात त्यांच्या जवळपास कुठलंच अन्न येत नाही. आपल्याकडच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १३ मिलिग्रॅमच्या आसपास जस्त लागतं. शंभर ग्रॅम कालवांतून तेवढं तर मिळतंच, जातीनुसार कितीतरी जास्तही मिळू शकतं. पण जस्त रोज ४० मिलिग्रॅमच्या वर जायला लागलं की ते तांब्याचं शोषण अडवतं, आणि तांबं कमी पडलं की पुन्हा रक्तच कमी होतं. कॅडमियमही कालवांत इतर शिंपल्यांपेक्षा जास्त साठू शकतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने शिंपल्यांसाठी किलोमागे २ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली, तेव्हा कालवांना त्यातून वगळलं. सगळीच कालवं वाईट असा याचा अर्थ नाही. पण भाचीसाठी ती औषध म्हणून आठवड्यातून तीनदा आणायची असतील, तर माझं उत्तर नाही असंच आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, चांगली शिजवून, आनंदाने खावीत.

तिसऱ्या मला त्या मानाने सोयीच्या वाटतात. आंबा घाटातून रात्री निघालेल्या सकाळी सांगलीत पोचतात, कवच मिटलेलं असतं, म्हणजे जिवंत आहेत की नाही हे डोळ्यांनी कळतं. बी-१२ त्यांच्यात एवढं असतं की एका वाटीत कित्येक दिवसांची गरज भागावी. लोह आहे, आणि ते भाजीतल्या लोहापेक्षा अंगी लागणारं आहे. शिवाय किलोभर तिसऱ्यांतून मांस जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम निघतं. त्यामुळे घरातल्या चौघांत वाटल्यावर कुणाच्याच पोटात फार जात नाही. हा फायदा लहान वाटतो, पण आकड्यांत तो मोठा आहे.

आकडा असा. युरोपात शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. एखादी तिसरी बरोबर त्या मर्यादेवर असेल असं धरू (बहुतेक त्याच्या खूप खाली असतात). मग शंभर ग्रॅम मांसातून १०० मायक्रोग्रॅम कॅडमियम आलं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने माणसाने आठवड्याला वजनाच्या किलोमागे २.५ मायक्रोग्रॅमच्या आत राहावं. भाची ५० किलोची, म्हणजे तिची आठवड्याची मर्यादा १२५. अख्खी थाळी एकटीने संपवली तर जवळपास सगळी मर्यादा एका जेवणात गेली, आणि भात, पोळी, पालेभाजी यांतून येणारं वेगळंच. चौथा हिस्सा खाल्ला तर २५. म्हणून मी म्हणते, आठवड्यातून एकदा, घरच्यांबरोबर वाटून.

मिठाच्या पाण्यात दोन-चार तास ठेवल्यावर तिसऱ्या वाळू सोडतात, पण धातू सोडत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. "चांगलं धुतलं, चांगलं शिजवलं" हे इथे पुरत नाही. पाणी कुठलं होतं यावरच सगळं ठरतं.

आणि इथेच नदीचा प्रश्न येतो. आपल्या भागात ओढ्या-नदीचा खेकडा हा पावसाळ्याचा सोहळा आहे. जून-जुलैत समुद्रावर मासेमारीबंदी असते, तेव्हा शिराळ्या-पाटणकडून आलेले काळे खेकडे घेऊन बायका बाजारात बसतात. चांदोलीच्या किंवा कोयनेच्या वरच्या अंगाचे, डोंगरातल्या ओढ्याचे खेकडे मी स्वतः घेते. तिथे वर शहर नाही, कारखाना नाही. हे पाणी पुढे ज्या कृष्णेला मिळतं, तिचं सांगलीच्या खालचं पाणी मात्र वेगळं. सांगलीत नदीला मिळणारा शेरी नाला काय आणतो हे सांगलीकराला सांगायला नको. शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, उसाला घातलेल्या फॉस्फेट खतांतून थोडं थोडं येणारं कॅडमियम, हे सगळं शेवटी तळाच्या गाळात बसतं. उन्हाळ्यात मासे मरून तरंगतात ते बहुतेक प्राणवायू संपल्याने, धातूंनी नव्हे. तो धोका डोळ्यांना दिसतो आणि ओसरतो. गाळातला धातू दिसत नाही आणि ओसरतही नाही. नदीतले शिंपले त्याच गाळात अर्धे रुतून, तेच पाणी गाळत जगतात. म्हणून शहरांच्या खालच्या पात्रातले शिंपले, कुणी कितीही औषधी म्हणून सांगो, मी घरात आणणार नाही.

खेकड्यात एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. कॅडमियम त्याच्या पांढऱ्या मांसात थोडंच असतं. ते साठतं कवचाखालच्या पिवळसर-तपकिरी मऊ भागात, कारण तेच त्याचं यकृत. युरोपात खेकड्यासाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती फक्त नांग्या-पायांच्या मांसाला लागू होते. तो मऊ भाग तिने मोजलेलाच नाही. आणि आपण काय करतो? पाय खलबत्त्यात कुटून गाळतो आणि तो पिवळा भाग रश्श्यात विरघळवतो, कारण चव त्याच्यात असते. चव असते हे मलाही मान्य आहे. पण आजारी माणसासाठी करताना कवच उघडून तो भाग काढून टाका आणि मगच शिजवा. नंतर काढून उपयोग नाही. खेकडा नीट शिजवणंही सोडू नका, गोड्या पाण्याच्या खेकड्यातून फुफ्फुसात जाणारा कृमी येऊ शकतो.

सुकटीबद्दल, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीबद्दल, कुणी विचारत नाही, कारण ती गरिबाची. खरं तर आपल्याकडे सगळ्यात जास्त खाल्लं जाणारं कवचातलं अन्न तेच. तव्यावर परतलेली मूठभर सुकट आणि ज्वारीची भाकरी. वाळल्यावर पाणी उडतं आणि सगळं काही चार-पाच पटींनी दाट होतं, खनिजंही आणि धातूही. डोक्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे यकृतही पोटात जातं. पण कवचासकट खाल्ल्याने कॅल्शियम चांगलं मिळतं, इतके बारके जीव पारा फारसा साठवत नाहीत, आणि एका वेळी पंधरा-वीस ग्रॅमच जातात. वाळू पाखडून, पाण्यात चटकन धुऊन, आठवड्यातून एक-दोनदा. मोठी कोळंबी घेतलीत तर डोकं काढा, मग तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पाऱ्याच्या बाबतीत ही सगळी मंडळी सुरमई आणि मोरी (शार्क) यांच्यापेक्षा बरी.

मला ताईला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते वेगळंच. शरीरात लोह कमी असलं की आतडं लोह ओढून घ्यायला जास्त दारं उघडतं, आणि त्याच दारांनी कॅडमियमही जास्त आत शिरतं. म्हणजे ज्या मुलीला रक्त भरावं म्हणून आपण रस्सा पाजतो, तिचंच शरीर त्यातलं कॅडमियम सगळ्यात जास्त शोषून घेतं. ते मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं बसून राहतं. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियमने भात विषारी झाला. त्यातून हाडं ठिसूळ होऊन जो आजार आला, ज्याला १९६८ मध्ये सरकारने मान्यता दिली, त्याच्या रुग्ण बहुतांश अनेक बाळंतपणं झालेल्या, वय झालेल्या स्त्रियाच होत्या. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांचं रक्त कमी आहे, त्यामुळे ही गोष्ट मला दूरची वाटत नाही.

म्हणून भाचीसाठी ठरलं ते असं. डॉक्टरांच्या गोळ्या आधी, त्या चुकवायच्या नाहीत, आणि त्यांच्यावर लगेच चहा नको. रविवारी तिसऱ्या, सगळ्यांत वाटून, कोकम घालून. मध्ये एखाद्या दिवशी सुकट. पावसात शिराळ्याचा खेकडा मिळाला तर पिवळं काढून. कालवं रक्त भरल्यावर. घरात कुणाला मूत्रपिंडाचा किंवा युरिक ॲसिडचा त्रास असेल, कोळंबी-खेकड्याने अंगावर गांधी उठत असतील, तर त्याला यातलं काही नको. ताईच्या सासूबाईंना असा त्रास आहे. त्यांच्यासाठी त्या दिवशी वेगळं पिठलं होणार आहे.