‘कमाई चालू’ क्विझ साइट घेताना चुना कुठे लागतो

पैसे देऊन झालेत, पासवर्ड हातात आलेत, साइटवर माणसं येतायत, जाहिरातीही दिसतायत. फक्त आपल्या ॲडसेन्समधला, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे पैसे जमा होतात त्या खात्यातला, आकडा जागचा हलत नाही. हललाच तर विकणाऱ्याने दाखवलेल्या रकमेच्या पाव हिश्श्यापर्यंतही जात नाही. तयार क्विझ साइट घेणाऱ्याला आपण फसलोय हे साधारण इथे कळतं. तोवर समोरच्याने नंबर ब्लॉक केलेला असतो.

सुरुवात कमाईच्या स्क्रीनशॉटपासून होते. ब्राउझरमध्ये एफ 12 दाबून पानावरचा कुठलाही आकडा बदलता येतो, अर्ध्या मिनिटाचं काम. म्हणून स्क्रीन शेअर करायला लावा, पान रिफ्रेश करायला सांगा आणि तारखा तुम्ही सांगाल त्या निवडायला लावा. नेमकं तेव्हाच ज्याचं नेट जातं, त्याचा नाद सोडा. त्याहून पक्कं म्हणजे गूगलचं ॲनालिटिक्स (साइटवर किती माणसं, कुठून आली ते दाखवतं) आणि सर्च कन्सोल (गूगल सर्चमधून किती आली ते दाखवतं) फक्त बघण्यापुरतं तुमच्या ईमेलला जोडून मागा. सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांपर्यंतचा हिशेब दिसतो आणि तो महत्त्वाचा आहे. ‘तुझ्या मित्राला तू किती ओळखतोस’ छापाच्या क्विझ एकमेकांना लिंक पाठवत वाढतात, दोन-तीन आठवडे धो धो चालतात आणि विझतात. विकणारा त्याच आठवड्यांचा आलेख पुढे करतो. सर्चमधून जवळपास कुणीच येत नसेल, तर तुम्ही साइट घेत नाही, विझलेला फटाका घेताय.

आकडा खरा असला तरी तो कोणता, हे विचारा. ॲडसेन्समध्ये महिनाभर दिसते ती अंदाजे कमाई. बनावट क्लिक आणि बॉट (माणसाऐवजी साइट उघडणारे प्रोग्राम) वजा होऊन अंतिम रक्कम पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ठरते आणि पेमेंट 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतं. बॉट लावून फुगवलेला महिना 28 तारखेला राजेशाही दिसतो आणि आठवडाभराने निम्म्यावर येतो. तेव्हा ‘पेमेंट्स’चं पान बघा, मागच्या सहा महिन्यांचं, त्यातल्या वजावटीच्या ओळींसकट.

पेजव्ह्यूचा खेळ तर क्विझवाल्यांचा लाडका. 12 प्रश्न, प्रत्येक प्रश्न वेगळ्या पानावर आणि शेवटी निकाल, म्हणजे एका माणसामागे 13 पानं. ‘दिवसाला 13 हजार व्ह्यू’ हे जाहिरातीतलं वाक्य खोटं नसतं, पण माणसं हजारच असतात. अशा साइटवर ‘पुढे’ बटणाला चिकटून जाहिरात ठेवलेली असेल तर ती चुकून दाबली जाते. ते क्लिक नियमात बसत नाहीत, आणि मालकी बदलल्यावर दणका बसतो तो नव्या मालकाच्या खात्याला.

आता मूळ प्रश्न: जाहिराती दिसतात, मग पैसे कुठे जातात? साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल उघडा; साइटवरची जाहिरातींची जागा कोण विकू शकतो, त्याची यादी त्यात असते. गूगलच्या ओळीत ‘पब’ने सुरू होणारा 16 अंकी क्रमांक असतो. तो तुमचा हवा. गूगलच्याच नावाने दुसरा क्रमांक ‘डायरेक्ट’ म्हणून बसलेला दिसला, तर गळती तिथे आहे. वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटच्या थीममधल्या फंक्शन्स फाइलमध्ये चार ओळींचा कोड टाकलेला असतो, जो उदाहरणार्थ दर दहा वेळांपैकी चार वेळा तुमच्याऐवजी विकणाऱ्याचा क्रमांक छापतो. लॉगिन केलेल्या ॲडमिनला तो कोड मुद्दाम काही दाखवत नाही, म्हणून तुम्ही कितीही तपासलंत तरी सगळं ठीकच दिसतं. मोबाइलवर, खासगी विंडोत, लॉगिन न करता पान पंधरा-वीसदा रिफ्रेश करा आणि दर वेळी सोर्समधला (पानामागच्या कोडमधला) क्रमांक जुळवा. दोन क्रमांक आलटून पालटून आले की प्रकरण संपलं. कोड बहुतेकदा ‘बेस 64’मध्ये, म्हणजे वाचता न येणाऱ्या अक्षरांच्या रूपात, गुंडाळलेला असल्याने फाइलींत नुसता क्रमांक शोधून तो सापडत नाही.

‘सोबत मंजूर ॲडसेन्स खातंही देतो’ हे आमिष असेल तर तिथेच थांबा. खातं विकता येत नाही. पैसे मिळवणाऱ्याचं नाव, पोस्टाने आलेला पिन आणि ओळखपत्र दुसऱ्याचं असतं. पैसे काढायची वेळ आली की पडताळणीत खातं अडकतं.

प्रश्नसंच ‘एक्स्क्लुझिव्ह’ म्हणून देतात. त्यातले पाच प्रश्न अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तोच संच, चुकलेल्या उत्तरांसकट, बऱ्याच साइटवर सापडला तर नव्या ॲडसेन्स खात्याला मंजुरी मिळणं कठीण. बक्षिसाची क्विझ असेल तर आणखी एक गोष्ट बघा: बरोबर उत्तरं पानाच्या सोर्समध्ये उघडी आहेत का आणि गुण ब्राउझरमध्येच मोजले जातात का? तसं असेल तर कुणीही हवे तेवढे गुण सर्व्हरला पाठवेल आणि बक्षीस तुमच्या खिशातून जाईल.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या स्वतःच्या रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) खात्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नव्याने नोंदवलेलं डॉट कॉम डोमेन साधारण 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. त्याच कंपनीत खातं उघडून सहसा आतल्या आत हलवून घेता येतं, त्यामुळे ‘लॉक आहे, नंतर देतो’ ही सबब चालवून घेऊ नका. ‘लाइफटाइम होस्टिंग’, म्हणजे साइट ठेवायची आयुष्यभराची जागा, बहुतेक वेळा विकणाऱ्याने इतरांना वाटण्यासाठी घेतलेल्या रीसेलर खात्यातली एक खोली असते. त्याला वाटेल तेव्हा तो कुलूप लावतो.

फसल्याचं कळलंच, तर आधी विकणाऱ्याला जाब विचारू नका. त्याचं लपलेलं ॲडमिन खातं अजून जिवंत असतं. आधी फाइली आणि डेटाबेस उतरवून घ्या, संवादाचे आणि पेमेंटचे पुरावे वेगळे ठेवा. मग डोमेन, होस्टिंग आणि ईमेलचे पासवर्ड बदलून दोन टप्प्यांची पडताळणी लावा. वर्डप्रेसमधली वापरकर्त्यांची यादी डॅशबोर्डवर न बघता डेटाबेसमधल्या टेबलात बघा, कारण लपवलेलं खातं तिथेच दिसतं. कॉन्फिग फाइलमधल्या सुरक्षेच्या चाव्या (सिक्युरिटी की) बदलल्या की आत बसलेले सगळे बाहेर फेकले जातात. थीम आणि प्लगइन दुरुस्त करत बसू नका, पुसून अधिकृत जागेवरून नवीन टाका. ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’मधली परकी ओळ काढा. त्यानंतर पेमेंट ज्या मार्गाने केलं, तिथे तक्रार करा, आणि फोन त्याहीनंतर.