कमोडोर ६४ वर न्यूजग्रुप : आठ महिन्यांनंतर

मामांनी १९८५ मध्ये बहारीनहून आणलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक आमच्या म्हार्दोळच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होता. लहानपणी आम्ही भावंडांनी त्यावर खेळ खेळले, मी बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत पाढे छापणारा प्रोग्राम लिहिला, आणि दहावी आली तसा तो गुंडाळून वर गेला. गेल्या मे महिन्यात कौलं शाकारायला माणसं आली तेव्हा ट्रंक खाली उतरली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा चालू झाला. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास मी त्यावर न्यूजग्रुप वाचते आणि अधूनमधून लिहिते. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे आणि ज्यांना त्यावर खेळांपलीकडे काही करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

न्यूजग्रुप म्हणजे यूजनेट : जगभरची माणसं विषयवार ग्रुपांत लेख आणि उत्तरं लिहितात ती जागा. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ती सुरू झाली. याला मालक नाही, मधोमध बसलेला मोठा संगणक नाही. तुम्ही एका सर्व्हरवर लेख टाकला की तो शेजारच्या सर्व्हरला देतो, शेजारचा पुढच्याला, आणि वाड्यावर बातमी घरोघर पोचावी तसा तो सगळीकडे पोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सने यूजनेटशी देवाणघेवाण थांबवली आणि तिथून येणारा स्पॅमचा लोंढा आटला. मी त्यानंतर आले, त्यामुळे मला अंगण झाडलेलंच मिळालं.

आधी वीजपुरवठ्याबद्दल सांगते, कारण यात चूक झाली तर पुढचं काहीच उरत नाही. कमोडोरबरोबर येणारा तो विटेसारखा जड, आतून राळ भरलेला मूळ पॉवर सप्लाय कधीही थेट लावू नका. त्यातला पाच व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की जास्त व्होल्ट सोडतो आणि मशीनमधल्या मेमरीच्या चिप जळतात. फोंड्याला आमचा एक जुना टीव्ही दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे नेला. मीटर लावून त्याने काटा दाखवला आणि म्हणाला, “टीचर, हा घरी नेऊच नका.” मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नवा मागवला. त्यात पाच व्होल्ट बरोबर होते, पण यंत्राला लागणारा नऊ व्होल्टचा एसी प्रवाह नव्हताच. माझ्या जुन्या बोर्डावर पडदा काळाच राहिला आणि मशीन मेलं असं समजून मी दोन दिवस हळहळत होते. दुसऱ्या ठिकाणाहून दोन्ही व्होल्टेज देणारा आणला, तेव्हा तो ओळखीचा निळा पडदा उजळला. घेताना दोन्ही आकडे विचारून घ्या.

जोडणी अशी : मागच्या यूजर पोर्टला (बाहेरची उपकरणं लावायच्या खाचेला) ईएसपी८२६६ चिपचा छोटा वायफाय मोडेम. कमोडोरला वाटतं आपण फोन फिरवतोय, आणि मोडेम घरातल्या वायफायवरून इंटरनेटला जातो. डायल करण्याची आज्ञा जुन्या मोडेमचीच, फक्त फोन नंबराच्या जागी सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ११९. बातम्यांच्या सर्व्हरांचं हे ठरलेलं दार आहे. मी इटर्नल सप्टेंबर या फुकट सर्व्हरवर खातं काढलं. एक लक्षात ठेवा : या वाटेने पासवर्ड उघडाच जातो, एवढ्याशा यंत्राला सांकेतिक जोडणी पेलत नाही. म्हणून तिथे दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवलाय. टर्मिनलसाठी, म्हणजे सर्व्हरशी अक्षरांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रामसाठी, सुरुवातीला सीसीजीएमएस वापरला. त्यात अस्की मोड (इतर संगणकांची अक्षरांची पद्धत) आणि लोकल एको (आपण टाइप केलेलं आपल्या पडद्यावर दिसणं), दोन्ही चालू करायला विसरू नका. मी अस्की विसरले होते, तर आल्ट.टेस्ट या चाचणीच्या ग्रुपवरच्या माझ्या पहिल्या लेखात मोठी अक्षरं लहान आणि लहान अक्षरं मोठी होऊन गेली. कमोडोरची स्वतःची पेटस्की लिपी ती अक्षरं उलटी मांडते.

पहिल्या आठवड्यात मोडेम सेकंदाला २४०० बिटांच्या वेगावर ठेवला होता. लेख मोठा आला की मधली अक्षरं गळायची. यंत्राकडे येणाऱ्या अक्षरांसाठी फक्त २५६ बाइटची जागा असते, ती भरली की पुढचं सांडतं. पडदा सरकवण्यात यंत्र गुंतलं की सांडलंच. १२०० वर आणल्यावर गळती थांबली. या वेगाला सेकंदाला १२० अक्षरं येतात. पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे एक पडदा भरायला आठ सेकंदांहून थोडं जास्त. शाळेत वर्गासमोर उभं राहून एखादा मुलगा धडा मोठ्याने वाचतो ना, त्याच्यापेक्षा हे पुष्कळ भरभर आहे, पण डोळ्यांना पाठलाग करता येतो. मला हा वेग मनापासून आवडला. फोनवर मी बोटाने सरकवत जाते आणि निम्मं वाचतच नाही. इथे ओळ माझ्यासमोर लिहिली जाते, तेव्हा मी ती वाचतेच.

चाळीस अक्षरांची मात्र अडचण आहे. लोक साधारण ७२ अक्षरांवर ओळ मोडतात. माझ्याकडे ती चाळीस आणि बत्तीस अशी तुटते, म्हणजे एक ओळ पूर्ण, एक ओळ तोकडी, एक पूर्ण, एक तोकडी. पंधरा दिवसांत सवय होते. लेखांच्या यादीसाठी सर्व्हरकडून सगळी माहिती मागवली तर पडद्यावर खिचडी होते. त्याऐवजी एक्सएचडीआर आज्ञा देऊन फक्त विषय मागवा : लेखाचा क्रमांक आणि पुढे विषय, बस्स. मग हवा तो क्रमांक घेऊन लेख मागवायचा. वही-पेन शेजारी ठेवा, क्रमांक लिहून घ्यायला लागतात.

आता लिहिण्याचं सांगते. आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त मिळालं ते इथे.

पोस्ट अशी आज्ञा दिली की सर्व्हर ३४० आकडा पाठवतो, म्हणजे “सांगा”. मग तुमचं नाव, ग्रुप, विषय अशा ओळी, एक रिकामी ओळ, आणि मजकूर. शेवटी एका ओळीवर एकटा पूर्णविराम. २४० आला की लेख गेला, ४४१ आला की परत आला. रिकामी ओळ विसरल्याने माझे दोन लेख परत आले. यात मधे कुठलाच एडिटर नाही. खोडण्याचं बटण दाबलं तर तेही एक अक्षर म्हणून लेखात जाऊन बसतं. चुकलं की चुकलं. म्हणून मी आधी रफ वहीत लिहायला लागले. आमचे बाबा दैनिकांना वाचकांची पत्रं पाठवायचे, तेही आधी माझ्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायचे आणि मग पोस्टकार्डावर उतरवायचे. त्या वयात मला ते दुप्पट काम वाटायचं.

आणि समोरच्याचं वाक्य उद्धृत करायचं तर ते > लावून पुन्हा टाइप करावं लागतं. इतर ठिकाणी आपण अख्खा लेख खाली चिकटवतो आणि वर “बरोबर” लिहून मोकळे होतो. इथे प्रत्येक अक्षर बोटांनी दाबायचं असल्यामुळे मी ज्या वाक्याला उत्तर देणार तेवढंच घेते. ते एक वाक्य निवडण्यासाठी लेख दोनदा-तीनदा वाचते. कित्येकदा असं झालं की वाक्य टाइप करता करता लक्षात आलं, या माणसाने मला वाटलं ते म्हटलेलंच नाही, आणि मी शेवटचा पूर्णविराम न देताच मोडेम बंद केला.

जाणारा लेख धाग्याला (एका विषयावरच्या लेख-उत्तरांच्या साखळीला) जोडायचा तर मूळ लेखाचा लांबलचक ओळख-क्रमांक रेफरन्सेसच्या ओळीत हाताने उतरवावा लागतो. सप्टेंबरमध्ये चवथीच्या गडबडीत मी त्यात एक अंक चुकवला. उत्तर धाग्यापासून तुटून भलतीकडेच पडलं. फिनलंडमधल्या एका गृहस्थांनी ते शोधून काढलं, योग्य जागी त्याचा उल्लेख केला आणि मला समजावून सांगितलं. एवढ्या सौजन्याने कोणी चूक दाखवली की पुढच्या वेळी माणूस अंक न् अंक तपासतो.

तो धागा रेक.पझल्स या कोड्यांच्या ग्रुपमधला होता, आणि विषय मीच काढला होता : देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. तीन अंकी संख्यांचा असाच ४९५. पाच अंकींना असा एकच आकडा नाही, त्या फेऱ्यांत अडकतात. हे मी दरवर्षी नववीच्या मुलांना करायला देते. या वेळी त्याच कमोडोरवर बेसिकमध्ये प्रोग्राम लिहून सगळ्या चार अंकी संख्या तपासल्या, जवळजवळ रात्रभर चालला, आणि सकाळी पडद्यावर सात आकडा होता. तो मी ग्रुपवर टाकला. घातांकासाठी कीबोर्डवर वर तोंड केलेल्या बाणाचं बटण आहे, बेसिकमध्येही घाताची खूण तीच. टर्मिनलमधून तो बाण ^ होऊन जातो, म्हणजे गणितवाल्यांना हवा तोच. हे मला त्या रात्री कळलं आणि फार आनंद झाला.

नोव्हेंबरपासून मधे रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक ठेवला आहे. त्यावर एसएलआरएन हा न्यूजरीडर चालतो आणि कमोडोर त्याचा नुसता पडदा-कीबोर्ड होतो. धागे आपोआप जुळतात, ओळख-क्रमांक उतरवावा लागत नाही. पण सीसीजीएमएसवर एसएलआरएनची पडदा हलवण्याची चिन्हं कचरा होऊन दिसतात. त्यासाठी ती चिन्हं (व्हीटी१०२ या जुन्या टर्मिनलची) जाणणारा नोव्हाटर्म हा दुसरा टर्मिनल प्रोग्राम लागला. त्यात ८० अक्षरांची ओळ मिळते, मात्र प्रत्येक अक्षर चारच ठिपके रुंद. जुन्या टीव्हीवर ते पुसट दिसतं. प्रकाश आणि रंगाचा सिग्नल वेगळा नेणारी केबल घेतल्यावर सुधारलं, तरी अर्ध्या तासाने डोळे दुखतात. एस्केपचं बटण कीबोर्डवर नसल्याने व्हीआय एडिटरचा नाद सोडला, नॅनो बरा. वाचायला मी रास्पबेरी पायवरून जाते. ज्या उत्तराची मला काळजी असते ते अजून हातानेच पाठवते.

एक दुःख सांगितलं पाहिजे. या यंत्रावर मराठी नाही. देवनागरीच्या एकेका अक्षर-चिन्हाला यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात तीन बाइट लागतात, नुसत्या “मराठी” शब्दाला पंधरा, आणि पडद्यावर दिसते ती निरर्थक चिन्हांची माळ. सोक.कल्चर.इंडियन.मराठी असा ग्रुप आहे. परदेशी गेलेली आपली माणसं तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहायची. ते जुने लेख मी फोनवर वाचते. हल्ली तिथे शांतता आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण लिहायचं-वाचायचं म्हटलं की मराठीच. देऊळ, नाटक, वर्तमानपत्र सगळं त्यातच वाढलं. ज्या जागेवर मला सर्वात नीट लिहावंसं वाटतं तिथे माझी लिहिण्याची भाषा उमटत नाही, हे आठ महिन्यांनीही टोचतं. या महिन्यात मी पाच ओळी रोमनमध्ये लिहून त्या ग्रुपवर टाकल्या आहेत. उत्तर आलेलं नाही. रोज क्रमांक पाहते.

देखभालीचं : आपल्या हवेत यूजर पोर्टच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात. श्रावणात मोडेम दोनदा “हरवला”, दोन्ही वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पट्ट्या पुसल्यावर सापडला. वीज कडाडली की प्लग काढाच, सप्लाय कितीही चांगला असला तरी. रात्री यंत्रावर सुती कापड टाकते. प्लास्टिक नको, आत दमट होतं.

कोणी घ्यावं? ज्याला पटकन बातमी हवी, चित्रं हवीत, त्याने या वाटेला येऊ नये. ज्याच्या घरात यंत्र आधीच आहे आणि ज्याला लिहिण्याआधी वाचायला आवडतं, त्याने जरूर. रास्पबेरी पाय सोडला तर मोडेम, केबल आणि पॉवर सप्लाय, एवढाच माझा खर्च झाला.

फिनलंडच्या गृहस्थांनी काल विचारलंय की पायऱ्या नेमक्या सातच का, आठ का नाहीत. उत्तर रफ वहीत दोन पानं झालंय. अजून एका ठिकाणी अडलंय, ते सुटलं की पाठवीन.