इमेज रिस्टोअर झाली, विंडोज उठेना: बूटरेक की बीसीडीबूट?

इमेज (डिस्कची किंवा ड्राइव्हची जशीच्या तशी घेतलेली बॅकअप प्रत) व्यवस्थित रिस्टोअर झाली म्हणून सॉफ्टवेअर सांगतं, फाइली जागच्या जागी असतात, आणि मशीन मात्र 'विनलोड' ही विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही म्हणून निळ्या पडद्यावर अडून बसतं. बहुतेक वेळा डेटाला धक्काही लागलेला नसतो. बीसीडीत, म्हणजे कुठली विंडोज कुठून सुरू करायची याच्या नोंदवहीत, जुन्याच डिस्कची ओळख लिहिलेली असते, नाहीतर इमेज नुसती सी ड्राइव्हची घेतलेली असते आणि बूट फाइलींचं वेगळं ईएफआय पार्टिशन मागे राहून गेलेलं असतं.

रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवर हात आधी बूटरेक या बूट दुरुस्तीच्या कमांडकडेच जातो. फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रिबिल्डबीसीडी हे त्रिकूट सगळ्यांना पाठ. जुन्या बायोसवाल्या मशीनवर ते आजही कामाचं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असलेलं मशीन एमबीआरमधल्या, म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या बूट कोडकडे ढुंकूनही बघत नाही, आणि फिक्सबूट विंडोज १० वर बऱ्याचदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून मोकळं होतं. मग माणूस परवानग्यांच्या मागे लागतो.

माझं मन उडालं ते रिबिल्डबीसीडीवरून. फाइलींची यादी दाखवणारी 'डीआयआर' कमांड मारली की युजर्स, प्रोग्राम फाइल्स सगळं समोर येतंय, आणि हे म्हणतंय सापडलेल्या विंडोज: ०. खरी गोम अशी की बीसीडीत आधीच नोंद असलेली विंडोज ते मोजतच नाही. हे स्क्रीनवर कुठे लिहिलेलं नसतं. मग 'ॲट्रिब' कमांडने बीसीडी फाइलवरचे 'लपवलेली', 'सिस्टीम' असे शिक्के काढा, तिचं नाव बदला, पुन्हा चालवा.

बीसीडीबूट ही बूट फाइली नव्याने घालणारी कमांड. तिला सगळं आपणच सांगावं लागतं, आणि मला तेच बरं वाटतं. डिस्कपार्ट या पार्टिशनच्या साधनात 'लिस्ट व्हॉल्यूम', त्यातलं फॅट३२ चं छोटं, बहुधा १०० एमबीचं व्हॉल्यूम निवडून त्याला अक्षर द्यायचं. मग बीसीडीबूट, पुढे विंडोज फोल्डरचा पत्ता, स्लॅश एस देऊन ते अक्षर, स्लॅश एफ देऊन यूईएफआय. बूट फाइली कॉपी होतात, बीसीडीत नोंद पडते. पार्टिशनच नसेल तर आधी ते बनवावं लागतं, एवढा व्याप आहे खरा. शिवाय रिकव्हरीत सी म्हणजे विंडोजच असेल याचा नेम नाही, तेव्हा अक्षर तपासून घ्या. पण चुकलंच तर 'बूट फाइली कॉपी करता आल्या नाहीत' एवढं तरी कळतं. कुठे बघायचं ते समजतं.

तुमचं मशीन जुनं, एमबीआर डिस्कचं असेल तर बूटरेकने सुरुवात करायला हरकत नाही. बाकी ठिकाणी मी तरी आता थेट बीसीडीबूटच चालवतो, जुनी डिस्क आधी काढून ठेवून.

लोगो दिसून मग 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर मात्र दोघांच्याही नादी लागू नका. तिथे बहुधा स्टोरेज ड्रायव्हरची अडचण असते. बायोसमध्ये जाऊन स्टोरेजचा मोड एएचसीआय आहे की रेड, जुन्या मशीनवर जे होतं तेच आहे का ते आधी बघा.